देवाच्या डब्यातला कडू प्रसाद

“गोळी गिळतंस काय शेजाऱ्यांका दाखवतंस?”

“घोटभर पाणी तरी पिऊक दे गे.”

“जनेल उघडा आसा ता दिसना नाय तुका? थय शेवंती कपडे वाळत घालता. शेवंतीक कळला म्हणजे सर्वण गावाक कळला.”

विनायकाचं डोकं सटकलं. घर आपलं, छाती आपली, गोळी आपली, आणि ती घ्यायची कशी, तर फळीवरच्या बरण्यांच्या आड उभं राहून! चोरसुद्धा एवढे हाल काढत नाहीत. भांडणात गोळी जिभेवरच राहिली आणि विरघळली. कारल्याचा सासरा शोभेल एवढी कडू. त्याचं तोंड वाकडं झालं, तशी त्याची आई रुक्मिणी म्हणाली की तोंड वाकडं करायचं तर मागच्या दारी जाऊन कर. आणि तिनं धाडकन खिडकीचं जनेल लावून घेतलं. आता शेवंतीला संशय आला नसता तर तोही आला.

भानगड अशी होती. विनायक सुर्ल्यात खाणीचा टिपर ट्रक चालवायचा. खनिजाची लाल धूळ एवढी वर्षं छातीत गेली, तिथं ती गप्प बसली नाही. ह्या पावसाळ्यात खाण बंद पडली, टिपर अंगणात ताडपत्री पांघरून झोपला, आणि विनायकाची छाती शिट्ट्या मारायला लागली. डिचोलीच्या गौरवी डॉक्टरणीनं तपासलं, दमा म्हणाली, थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि संपल्या की परत ये म्हणाली. गोळ्यांनी कमाल केली. छाती मोकळी, अंगात घोड्याचं बळ. मग परत जायचं कशाला? जुनी चिठ्ठी होती. ती घेऊन तो एका फार्मसीत गेला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दीड महिना असाच चालला. डॉक्टरणीचा दवाखाना जवळ आला की हा मोटारसायकल दुसऱ्या गल्लीत घालायचा.

ह्यात आई कुठून आली? तर लग्नातून. सर्वणच्या बाबुरावांची अंकिता विनायकाला सांगून आली होती. मयेच्या तळ्याकडे बोटींची तिकिटं विकायच्या खिडकीत बसायची. विनायक तिला पहिल्यांदा भेटला तो त्याच खिडकीत, आणि बोटीत बसायची हिंमत नसताना एकट्यानं तिकीट काढून बसला, एवढी ती त्याला आवडली. बोलणी झाली होती. साखरपुडा चवथीनंतर, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. आणि मध्येच हा दमा!

रुक्मिणीच्या भावाचं जमलेलं लग्न असंच मोडलं होतं. मुलगी बघायला गेला, चहा घेताना खोकला, आणि पुढचा चहा त्या घरानं दुसऱ्याला पाजला. तेव्हापासून तिचं ठरलेलं होतं.

“दारू पिता म्हटला तर लोक म्हणतत, बायको येयत आणि सुधरात,” ती म्हणायची. “दमो आसा म्हटल्यार कोण उंबऱ्यावर येवचो नाय. सर्वणाक कळाक देवचंय नाय. सुर्ल्यातली खाण लपवूक सांग, लपवून दाखवतंय. ही तर इवलीशी गोळी.”

आणि तिनं लपवली, हे खरं. गोळ्यांची पाकिटं वाजतात, त्यावर नाव छापलेलं असतं, म्हणून तिनं गोळ्या सोलून काढल्या आणि पाकिटं चुलीत घातली. गोळ्या ठेवल्या देवघरातल्या पितळी डब्यात, गावच्या देवाच्या खडीसाखरेत मिसळून. देवाच्या डब्याला बाहेरचा माणूस हात लावणार नाही, आणि घरातल्या माणसाला माहीतच आहे. हा तिचा हिशोब.

घरातलं एक माणूस तिच्या हिशोबात नव्हतं. तिचा नवरा हरी. हरीला तिनं गोळ्यांचं काहीच सांगितलं नव्हतं, कारण हरीच्या पोटात पेजेशिवाय काही राहत नाही.

एवढ्यात श्रावण लागला. श्रावणात सगळा गाव शिवराक. बाजारात मासळीवाल्या दिसेनात, आणि माणसांचे गाल पंधरा दिवसांत आत जातात. नुसत्या भाजीभातावर गोव्याचा माणूस जगतो, पण हसत नाही. विनायकाचे गाल मात्र बाहेर यायला लागले. भूकच तशी लागायची! पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की हा रस्त्यावर. पोयी घरापर्यंत पोचायच्याच नाहीत. जेवून उठला की भूक, भूक भागवायला बसला की आणखी भूक. तोंड असं गोल झालं की चवथीला गणपती आणायला विसरलं असतं तरी चाललं असतं. वर गालांना लाली. झोप तर उडालीच. पहाटे उठून त्यानं टिपर पुसला, मग रंगवला, मग कुंपण कापलं, आणि स्वतःचं कुंपण संपल्यावर शेवंतीचं कापलं. तिनं न सांगता. ती विचारायला आली तर तिच्यावरच खेकसला. हात थोडे थरथरायचे ते वेगळंच.

गावानं दोन निकाल दिले. अर्धा गाव म्हणाला, हा श्रावणात चोरून मासे खातो. उरलेला म्हणाला, नुसते मासे खाऊन कोणी असा लाल होत नाही.

अंकिताच्या आईनं, चंद्रावतीनं, त्याला डिचोलीच्या बाजारात बघितलं. तो भाजीपावाच्या गाड्यावर उभा होता, एक बशी हातात, दुसरी समोर. चंद्रावती छत्रीआडून बघत राहिली. तिच्यासारखी नजर तालुक्यात नाही. कोणाच्या पिशवीत काय आहे हे ती पिशवीच्या झोलावरून सांगते. तिचा स्वतःचा चेहरा हल्ली एकदम गोरापान झाला होता, गालांवर तेवढी लाल पुटकुळी. कोणी विचारलं तर उन्हानं म्हणायची. भर पावसाळ्यात. पण तिला कोण बोलणार?

घरी जाऊन ती बाबुरावांना म्हणाली की जावई पितो. तोंड सुजलंय, गाल लाल, हात थरथरतात, आणि खातो कसा, आदल्या दिवशी प्यालेला माणूस खातो तसा. तुम्ही जा आणि वास घेऊन या.

रविवारी बाबुराव आले. साखरपुड्याला माणसं किती हे विचारायचं निमित्त. बिचाऱ्यांचा उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झालेला, काठी टेकत टेकत ओसरीवर चढले. रुक्मिणी विहिरीवर गेली होती. विनायक पुढं झाला, तसं बाबुरावांनी मान पुढं काढून त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. विनायकाला वाटलं, सासरे मिठी मारतायत. त्यानं मारली. बाबुरावांचं नाक त्याच्या खांद्यात रुतलं, त्यांना फक्त टिपरच्या रंगाचा वास आला. परत एकदा प्रयत्न केला, परत मिठी. तिसऱ्या वेळी ते थकून बसले.

हरी खूश. एवढं प्रेम त्यानं सासऱ्या-जावयांत कधी बघितलं नव्हतं. म्हणाला, बसा, देवाचा प्रसाद घ्या. आत गेला, पितळी डब्यात बोटं घातली, जे चिमटीत आलं ते आणून बाबुरावांच्या तळहातावर ठेवलं.

प्रसादाकडे कोणी टक लावून बघत नाही. हात कपाळाला लावतात आणि तोंडात टाकतात. बाबुरावांनी टाकला. दातांखाली खडीसाखर कुरकुरली, आणि मग त्यांच्या तोंडाचं जे काही झालं ते विनायकानं लगेच ओळखलं. त्याला ती चव माहीत होती. डोळे मिटले, भुवया कपाळावर चढल्या, ओठ कानाकडे निघाले. पण देवाचा प्रसाद थुंकणार कसा? बाबुरावांनी सगळी ताकद लावून गिळला.

“कडू आसा,” ते म्हणाले.

“आमचो देव कडकच आसा,” हरी अभिमानानं म्हणाला.

रुक्मिणी घागर घेऊन दारात आली. तिनं उघडा डबा बघितला, बाबुरावांचं तोंड बघितलं, आणि घागर तिच्या कमरेवरच तिरकी होऊन ओसरीवर पाणी झालं.

बाबुराव गेल्यावर विनायक म्हणाला की त्यांना सांगायला हवं. रुक्मिणी म्हणाली, एका गोळीनं कोण मरत नाही, तू गप्प राहा. खरं म्हणजे दोघंही रात्रभर बाबुराव मेले का ह्याच काळजीत होते. विनायक तर नाही तरी जागाच असायचा.

सकाळी फोन आला. बाबुराव फोनवर ओरडत होते. मेलेला माणूस एवढ्या मोठ्यानं बोलत नाही, म्हणून आधी सगळ्यांना बरं वाटलं. मग ते काय बोलतायत ते कळलं. गुडघ्याची सूज उतरली होती! काठी न घेता ते बागेत जाऊन आले होते. डॉक्टर झाले, तेल झालं, पाला झाला, कशानं काही झालं नव्हतं. तुमच्या देवानं एका प्रसादात केलं. मी येतोय.

आणि आले. काठी नव्हतीच. ह्या वेळी रुक्मिणी डब्यापाशी आधीच पहाऱ्याला बसली होती. तिनं निवडून नुसती खडीसाखर दिली. बाबुरावांनी चघळली आणि त्यांचं तोंड पडलं. हा तो नाही, म्हणाले. तो कडू होता. रुक्मिणीनं सांगितलं की देवाची मर्जी, कधी कडू, कधी गोड. पण बाबुरावांच्या डोळ्यांत संशय उभा राहिला. खरा प्रसाद हे लोक मागं ठेवतात आणि व्याह्याला साखर चाटवतात! लग्नाआधीच हे, तर पुढं काय?

ते तडक पायरी उतरले, आणि हरीला ते बघवलं नाही. घराच्या अब्रूचा प्रश्न. रुक्मिणी चहाचे कप घेऊन आत गेली तेवढ्यात त्यानं डब्यातलं सगळं वर्तमानपत्राच्या तुकड्यात ओतलं, पुडी बांधली आणि गेटापर्यंत धावत जाऊन बाबुरावांच्या खिशात कोंबली. वर सांगितलं की रोज सकाळी आंघोळ करून एक चिमूट घ्या.

संध्याकाळी विनायकानं डबा उघडला. आत एक मुंगी होती.

हरीनं काय केलं ते हरीनंच सांगितलं, छाती पुढं काढून. रुक्मिणी त्याला काय बोलली ते इथं लिहायचं नाही. विनायक फार्मसीत गेला तर चिठ्ठी आता जुनी झाली, म्हणाले. बाकीच्या फार्मसींनीही तेच सांगितलं. दोन दिवस गोळीविना गेले, आणि घोड्याचं बळ असलेल्या माणसाला वासरू पाडेल अशी गत झाली. अंग मोडून आलं, ओकारी यायची, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी, आणि छातीत शिट्ट्या परत सुरू.

इकडे सर्वणात वेगळाच तमाशा. अंकिता फोनवर सांगायची. बाबा झोपत नाहीत. बाबा पहाटे बागेत जाऊन माडांना पाणी घालतात. भर पावसात. बाबा आईवर ओरडतात, मग रडतात, मग भाकरी मागतात. हसत हसत सांगायची. आठवडाभरानं मात्र तिच्या बोलण्यातलं हसू गेलं. बाबा घागर घागर पाणी पितात, म्हणाली. दर घटकेला उठतात. चक्कर येते. त्यांना आधीपासून साखरेचा आजार आहे, काल सरकारी दवाखान्यातली नर्स घरी येऊन तपासून गेली तर आकडा बघून तिलाच घाम फुटला. बाबा डॉक्टरकडे जायला तयार नाहीत, प्रसादावर विश्वास आहे म्हणतात.

“आणि आई म्हणता, तुमच्या आईन बाबांक काय तरी खाऊ घातला,” अंकिता म्हणाली. “घाड्याक बोलावल्यान हा. उतरवून घेवपाक.”

विनायकानं फोन ठेवला. खरं सांगितलं तर लग्न मोडणार, ही त्याला खात्रीच होती. न सांगितलं तर म्हातारा जाणार. बरं, न सांगता म्हातारा वाचला असता तर त्यानं ते आधी केलं असतं, खोटं कशाला बोला. पण तसला रस्ता नव्हता. त्यानं मोटारसायकल काढली. रुक्मिणी गेटात आडवी उभी.

“माझ्या भावाचा आयुष्य गेला एका खोकल्यात,” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

“आणि तेंचा जाता माझ्या गोळ्यांत,” विनायक म्हणाला. “बाजूक हो गे.”

ती बाजूला झाली, आणि मागं चढून बसली. माझ्याशिवाय बोलायचं नाही, म्हणाली.

सर्वणात दारातच चंद्रावती उभी होती, मुठीत मीठ-मिरच्या. करणी उतरवणारा घाडी अजून यायचा होता, पण तिला दम नव्हता. आत बाबुराव खाटेवर बसून तांब्या तोंडाला लावत होते. गाल विनायकासारखे व्हायच्या वाटेवर. अंकिता त्यांच्या मागं उभी. विनायकाला बघून तिनं मान हलवली, की इथून जा, आई भडकलीय.

चंद्रावतीनं सरळ विचारलं की माझ्या घोवाला काय खाऊ घातलंत. आधी मुलाचं तोंड लपवलंत, आता आमच्या माणसावर करणी! सगळं माहीत आहे मला. ते तोंड मी बाजारात बघितलंय. असं तोंड कशानं होतं ते मला सांगायला नको.

रुक्मिणीनं एकदा मुलाकडे बघितलं, एकदा चंद्रावतीकडे. आणि तिच्या डोक्यात काय आलं देव जाणे.

“होय,” ती म्हणाली. “पिता तो. रोज पिता. सकाळीपासून पिता. पण लग्न झाल्यार सोडतलो.”

विनायकानं आयुष्यात उर्राकाचा थेंब चाखला नव्हता. तो आईकडे बघतच राहिला. आई त्याला डोळ्यांनी सांगत होती, हो म्हण, मेल्या, हे चालेल त्यांना.

“पीत नाय मी!” तो ओरडला. “माका दमो आसा!”

पुढं बरंच बोलायचं होतं. पण ओरडण्यात श्वास गेला, आणि छातीनं ताबा घेतला. अशी शिट्टी निघाली की अंगणातलं कुत्रं उठून बसलं. वाकून, दाराची चौकट धरून, एकेक शब्द ओढत त्यानं सांगितलं. खाणीची धूळ. गोळ्या. देवाचा डबा. माझ्या बाबांनी दिलेली पुडी. प्रसाद नव्हे ते, औषध आहे, माझं. अजून घेऊ नका, दवाखान्यात चला. मग लग्नाचं काय ते बघा.

 चंद्रावतीच्या मुठीतून मीठ सांडत होतं.

“माका म्हायत होता,” अंकिता म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

“फोनार तुमी गप्प बसलात काय तुमची छाती उलयता. पयल्या दिसाक वाटला लायनीक बिघाड आसा. मागीर कळला.” ती पुढं आली आणि त्याला खुर्ची दिली. “मी वाट बघी होतंय, कधी सांगतात ती. हां, पितात म्हणून आयकला असता तर मात्र आजच नाय म्हटला असता.”

रुक्मिणी खाली बघायला लागली. तिचा सगळा हिशोब एका वाक्यात उलटा झाला होता.

एक रिक्षा बोलावली, तीत सगळे कोंबले, आणि वरात गौरवी डॉक्टरणीच्या दवाखान्यात. वाटेत सुर्ल्याच्या फाट्यावर हरीही चढला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

डॉक्टरणीनं विनायकाचं तोंड बघितलं आणि खुर्चीत मागं टेकली. दीड महिना शोधतेय तुला, म्हणाली. आधी त्याच्या तोंडाला वाफेचं यंत्र लावलं, बाबुरावांची साखर तपासली, त्यांच्या औषधात फरक केला, रोज येऊन दाखवा म्हणाली, आणि ती पुडी काढून घेतली. मग सगळ्यांची शाळा घेतली.

हे स्टिरॉइड आहे, म्हणाली. हरीनं विचारलं, व्यायामशाळेतली पोरं घेतात ते?

“ते वेगळं, काका. त्यानं दंड फुगतात. ह्यानं गाल फुगतात.”

औषध वाईट नाही, म्हणाली. श्वास अडकला, सांधा सुजला, अंगावर गांधी उठल्या, डोळा लाल झाला, सगळीकडे चालतं. गोळीत असतं, सुईत असतं, डोळ्यांच्या थेंबांत असतं, मलमात असतं, तोंडात मारायच्या फवाऱ्यात असतं. आग लागली की बंब बोलवावा तसं हे बोलवायचं. पण आग विझल्यावर बंब घरात ठेवून महिनाभर पाणी मारत बसलात तर घर वाहून जाईल की नाही? भूक वाढते, झोप जाते, डोकं तापतं, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. आणि एवढे दिवस घेतल्यावर एकदम सोडायचं पण नसतं. शरीर स्वतः असलं औषध थोडं बनवत असतं, ते आळशी होऊन बसतं. म्हणून हळूहळू, मी सांगेन तसंच कमी करायचं. विनायकाला फवारा दिला. हा सरळ छातीत जातो, अंगभर भटकत नाही, म्हणाली. मारला की चूळ भरायची.

बाबुरावांनी हळूच विचारलं की मग माझा गुडघा? डॉक्टरीण म्हणाली, सूज दाबली गेली होती, परत येईल, त्याचं वेगळं बघू. बाबुरावांचा चेहरा उतरला. दमा ऐकून उतरला नव्हता तेवढा.

“आणखी कोणी घरात असलं काही लावतं, खातं?” डॉक्टरणीनं सहज विचारलं.

ती बघत होती चंद्रावतीकडे. म्हणजे तिच्या गालांकडे. चंद्रावतीनं पदर ओढून घेतला. मग पिशवीत हात घातला आणि एक दाबून दाबून चपटी झालेली ट्यूब काढून टेबलावर ठेवली. गोरं व्हायला. लग्नात फोटो काढणार म्हणून. कोणीतरी सांगितलं, फार्मसीत मागितली, लावली.

डॉक्टरणीनं ट्यूबवरचं नाव वाचलं आणि ती गोळ्यांच्या पुडीशेजारी ठेवली. बहिणी बहिणी, म्हणाली. चामडी पातळ होते, म्हणून लाल दिसते. बंद करायची, थोडे दिवस आणखी लाल होईल, घाबरून परत लावू नका, मला दाखवा.

रुक्मिणीला त्या क्षणी जे सुख झालं ते मुलाच्या जन्मालाही झालं नसेल. ती नुसती चंद्रावतीच्या गालांकडे बघत राहिली. प्रेमानं.

बाहेर आल्यावर बाबुरावांनी विनायकाला रिक्षाच्या मागं नेलं. विनायकाला वाटलं, आलं नकाराचं.

“जावयाक दमो आसलो तरी चलता,” बाबुराव कुजबुजले. “पण माझो गुडघो देवान बरो केल्लो नाय, ह्या कोणाक कळता नये. आख्ख्या सर्वणात सांगून बसलंय मी.”

असं ते लग्न टिकलं. चवथीनंतर साखरपुडाही झाला. विनायक आता उघड्या जनेलात उभा राहून फवारा मारतो, चूळ भरतो, आणि समोरून शेवंती ती मोजते. गाल अजून पुरते आत गेले नाहीत, जातील म्हणतात. चंद्रावतीनं साखरपुड्याचे फोटो छत्रीखाली काढून घेतले.

पण सर्वणात झालेली बोंब कोण परत घेणार? बाबुराव पायानं सांगायचे, तोंडानं सांगायचे, आता गप्प बसले तर लोकांना वाटलं, देवाचं गुपित म्हणून गप्प आहेत. दर गुरुवारी रिक्षा येते, आत गुडघेच गुडघे. रुक्मिणीकाकी पहिल्यांदा नको नको म्हणाली. मग साधी खडीसाखर द्यायला लागली. कडू नाही म्हटल्यावर सांगते की ज्यांचं पाप जास्त त्यांना कडू लागतो. तेव्हापासून सगळ्यांना गोड लागतो आणि निम्म्यांचे गुडघे बरे होतात. ह्याला काय म्हणायचं? डॉक्टरणीला विचारलं तर तिनं कपाळाला हात लावला. आणि बाबुराव गावासमोर नाही म्हणू शकत नाहीत, म्हणून दर गुरुवारी तेही रांगेत, साखरेचा आजार घेऊन खडीसाखर…

थांबा, काकी ओरडत्येय. रिक्षा आली वाटतं, आणि डब्यातली खडीसाखर संपली. ती आणायची शेजारच्या पोरानं, म्हणजे मी, तेव्हा दुकान बंद व्हायच्या आत मला जायला हवं. जातो.